दिवेलागणीनंतरचं परळ : दामोदर हॉल प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या बैठकीत आज ठरलं. १ मेला प्रदर्शन करायचं, विषय परळचा दामोदर हॉल, म्हणजेच दामोदर नाट्यगृह. आठ फलक, प्रत्येकी तीन बाय चार फूट. मजकूर मी लिहायचा, मांडणी आणि छपाई अभ्यासिकेतली मुलं बघणार, पैशांची जुळवाजुळव अण्णांकडे.

हा विषय मीच मांडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृहातले प्रयोग थांबले. परवा एका नववीतल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘ते बंद थिएटर ना?’ त्याच्या पणजोबांनी त्याच परिसरात अक्षरं गिरवली असण्याची दाट शक्यता आहे आणि पोराला ते ठाऊक नाही. त्याचा काय दोष? आम्हीच कधी सांगितलं नाही.

फलकांचा कच्चा क्रम : संस्थेची स्थापना, हॉलचं बांधकाम, बाबासाहेब, नाटकं, संप, आज. बाकीचे दोन नंतर ठरवू.

१२ जानेवारी

पहिल्या फलकाचा मजकूर झाला.

सोशल सर्व्हिस लीग १९११ साली मुंबईत स्थापन झाली. अध्यक्ष सर नारायण गणेश चंदावरकर. सगळा गाडा ओढणारे चिटणीस मात्र नारायण मल्हार जोशी, रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, जन्म ५ जून १८७९. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद. पेशाने शिक्षक, त्यामुळे कामाची सुरुवातही शिकवण्यापासूनच. कामगारांसाठी रात्रशाळा, पेटीत पुस्तकं भरून वस्तीवस्तीत नेणारी फिरती वाचनालयं, दवाखाने, सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी सहकारी पतपेढ्या. परळमध्ये कामाला पक्कं घर मिळालं ते १९२२ मध्ये. ठाकरसी या गिरणीमालक घराण्यातल्या दामोदर ठाकरसींच्या नावाचा हा हॉल. डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात तो याच जोशींमुळे. बसच्या पाटीवर रोज वाचतो, पण माणूस कोण ते डोक्यात येत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर अण्णांना मजकूर वाचून दाखवला. शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘ताई, सगळं बरोबर आहे. पण गिरणीतून सुटलेला माणूस शाळेत जायचा कधी? त्याला वेळ कुठे होता?’

मी गप्प झाले. घरी येऊन तो प्रश्न घेऊनच बसले आणि रात्री एकपर्यंत वाचत राहिले. जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण मला वाटतं सगळ्या प्रदर्शनाचा कणा हाच आहे.

१९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस लांबायचा, थंडीत आखूड व्हायचा, पण अंधार पडला की साचे थांबवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दिवे आले आणि ही एकुलती एक हद्दही पुसली गेली. गिरण्या दिवसाला चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. ज्या दिव्याखाली माणूस वाचू शकला असता, त्याच दिव्याने त्याची संध्याकाळ खाल्ली. कामगारांत संताप उसळला, चौकशी समित्या बसल्या आणि १९११ चा कारखाने कायदा आला. गिरणीतल्या पुरुष कामगाराला दिवसाला जास्तीत जास्त बारा तास.

बारा तास, आणि हीसुद्धा सुधारणा! आता हिशेब मांडून बघू. सकाळी सहाला आत, मध्ये अर्धा तास जेवणाचा, म्हणजे साडेसहाला बाहेर. गिरणीच्या फाटकापासून चाळीपर्यंत चालत. नळावर अंघोळ, तीही नंबर लावून. अंगाला, केसांना चिकटलेला कापूस काढायचा. खानावळीत जेवण. साडेआठ वाजले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भोंगा.

म्हणजे रात्रशाळेसाठी उरतो साडेआठ ते दहा एवढाच वेळ. कायदा आणि लीग, दोन्ही १९११ चीच. कायद्याने हातात ठेवलेल्या त्या दीड तासात जोशींनी शाळा भरवली. योगायोग असेलही. पण जोशींना हा दीड तास किती तोकडा आहे हे दिसत होतं, आणि ते पुढे त्यांच्या वागण्यातून कळतं.

(वडील दुसऱ्या पाळीला असत. दुपारी साडेतीनला जात, रात्री बाराला सुटत. आम्ही भावंडं त्यांना फक्त झोपलेलं पाहायचो. आठवड्याने पाळी बदलली की घरात सण असल्यासारखं वाटायचं.)

२ फेब्रुवारी

फ्लेक्स की फोमशीट, यावर तासभर वाद. फोमशीट ठरली. पुन्हा वापरता येते.

९ फेब्रुवारी

जोशींचा पुढचा धागा सापडला.

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून कोण गेलं? परळच्या रात्रशाळा चालवणारे आमचे ना. म. जोशी. त्या परिषदेत कामाच्या तासांचा करार झाला. बहुतेक देशांना आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, हिंदुस्थानासाठी वेगळं कलम घालून साठ. साठ हे काही न्याय्य नव्हतं. पण बाराच्या हिशेबाने सहा दिवसांचे बहात्तर होत होते, त्यातून बारा तास सुटले.

इकडे कामगार कराराची वाट बघत बसले नव्हते. १९२० च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला आणि मालकांना दहा तासांचा दिवस मान्य करावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईतच आयटक, म्हणजे कामगार संघटनांचा देशव्यापी महासंघ, स्थापन झाली. मग १९२२ चा सुधारित कायदा : दिवसाला अकरा, आठवड्याला साठ. १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. १९४८ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीस.

आणि हॉल कधीचा? १९२२!

एकाच माणसाने दिव्याखाली शाळा भरवली आणि त्या दिव्याखाली बसायला वेळ मिळावा म्हणून सातासमुद्रापार जाऊन भांडण केलं. मी इतकी वर्षं या दोन गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवत होते : एकीकडे समाजसेवा, दुसरीकडे कामगार चळवळ. त्या एकच आहेत. दामोदर हॉलचं काम वाढलं ते माणसांची संध्याकाळ वाढली म्हणून, आणि संध्याकाळ कुणी दान दिली नाही.

त्यामुळे फलकांचा जुना क्रम रद्द. अभ्यासिकेतल्या मुलीने नवी कल्पना काढली : प्रत्येक फलकाच्या वर चोवीस चौकटींची एक पट्टी, एक चौकट म्हणजे एक तास. गिरणीचे तास काळे, झोपेचे राखाडी, उरलेले पिवळे. १९११ च्या पट्टीवर जेवण, अंघोळ, येणंजाणं वजा केलं की पिवळी चौकट जेमतेम दीड उरते. १९४८ पर्यंत पिवळं पसरत जातं. कागदावर रंगवून तिने भिंतीला लावलं. एक शब्दही न वाचता गोष्ट कळते.

९ मार्च

मुद्दाम आजचा दिवस धरला. दुपारी चारला आम्ही सातजण दामोदर हॉलसमोर जाऊन उभे राहिलो.

९ मार्च १९२४, दुपारी चार वाजता, याच हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली होती. अस्पृश्य समाजाच्या अडचणी सरकारपुढे मांडायला आणि दूर करायला एक मध्यवर्ती संस्था हवी, ती काढायची का, हा विषय. लंडनहून परतून त्यांना वर्षही झालं नव्हतं. राहायला जवळच, परळच्याच बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत. तिथून हॉलपर्यंत ते चालतच येत असणार. या सभेतून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, कार्यकारी मंडळाचे प्रमुख बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. कचेरीचा पत्ता : दामोदर हॉल, परळ.

सभेने काय काय केलं ते बघताना मी दोन गोष्टींपाशी थांबले. सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, ते बहुतेकांना माहीत असतं. मुंबईत मात्र मोफत वाचनालय काढलं आणि तरुणांसाठी हॉकीचा संघ काढला. कामावरून आलेल्या पोराने संध्याकाळी दारूच्या गुत्त्याकडे किंवा पत्त्यांच्या अड्ड्याकडे न जाता जायचं कुठे, याचं उत्तर म्हणून हॉकी! पुन्हा तीच संध्याकाळ. जोशी आणि बाबासाहेब यांचे मार्ग वेगळे, मतं वेगळी, पण परळमध्ये राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकवता येत नव्हता.

आमच्यातल्या एका मुलाने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढलं. ९ मार्च १९२४ : रविवार. २० जुलै १९२४ : तोही रविवार.

मला एकदम नारायण मेघाजी लोखंडे आठवले. गिरण्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती तेव्हा सत्यशोधक लोखंड्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या वतीने अर्ज केले, सभा भरवल्या आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीचा निर्णय पदरात पाडून घेतला. तो रविवार नसता तर भर दुपारी चार वाजता परळमध्ये सभा भरवून ऐकायला कोण आलं असतं? गिरणीत आणि गोदीत राबणारा माणूस त्या वेळी कामावरच असता.

तर तिसरा फलक असा : वर लोखंडे, खाली ९ मार्च. मध्ये फक्त ‘रविवार’ हा शब्द, मोठ्या अक्षरात.

१६ मार्च

आज आमच्याच वाचनालयाची कपाटं उघडली. आम्ही काही लीगची शाखा नाही, पण गिरणगावात अशी शेकडो लहान वाचनालयं निघाली ती तो कित्ता पुढे ठेवूनच. शेवटच्या फलकासाठी आमच्या जागेबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या.

तळाशी देवघेवीचं जुनं रजिस्टर मिळालं. १९५० च्या दशकातलं. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. रकाने असे : अनुक्रमांक, सभासदाचं नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, हस्ते.

हा ‘हस्ते’चा रकाना मी आधी ओलांडूनच गेले होते. मग वाचायला लागले. ह. स्वतः. ह. पत्नी. ह. मुलगा. ह. पत्नी. ह. पत्नी. ह. शेजारी. ह. पत्नी. पानंच्या पानं. सभासद सगळे पुरुष. एकही बाई सभासद नाही. पण पुस्तक परत आणून नवं नेणारी बहुतेक वेळा बाईच. नवरा दुसऱ्या पाळीला असेल तर वाचनालय उघडण्याच्या वेळी तो साच्यापुढे उभा, मग पुस्तक बदलायला कोण येणार?

आतापर्यंतच्या मजकुरात मी एकाही बाईचा उल्लेख केलेला नाही हे तेव्हा लक्षात आलं. पिवळ्या चौकटी रंगवल्या त्या पुरुषांच्या. त्यांची सुट्टी झाली की घरातल्या बाईचं काम सुरू व्हायचं. हे माझ्या आईने जन्मभर केलं, आणि मी तिची मुलगी असून लिहिताना विसरले. फार लागलं मनाला.

२३ मार्च

शेजारच्या चाळीतल्या मावशींकडे गेले. त्यांची खानावळ होती, तीस वर्षं. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीत येत.

‘तुम्ही कधी दामोदरला गेलात?’ विचारलं.

‘एकदा. आमच्या गाववाल्यांच्या मंडळाचं नाटक होतं. अर्धं बघून उठले, रातपाळीवाले बाराच्या आधी जेवायला येणार होते ना.’

अर्धं बघितलेलं नाटक त्यांना अजून आठवतं. पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या माणसांनी पंगतीत सांगितलं, प्रत्येकाने वेगळं.

त्यांच्याच बोलण्यातून अन्नपूर्णा महिला मंडळाचा विषय निघाला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं. संप झाला की कामगार जेवणाचे पैसे थकवायचा, आणि वाण्याची उधारी मात्र बाईच्या डोक्यावर राहायची. अंगावरचं गहाण टाकून ती चूल पेटती ठेवायची. या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं ते अन्नपूर्णेने. मावशी म्हणाल्या, ‘बँकेत गेले त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मला माझं नाव विचारलं. तोवर मी खानावळवाली होते.’

हे वाक्य फलकावर जसंच्या तसं घ्यायची त्यांनी परवानगी दिली आहे. नाव घालायचं नाही म्हणाल्या.

६ एप्रिल

नाटकांचा फलक पटकन झाला, कारण यावर आमच्याकडे सगळेच बोलतात. गिरणगाव म्हणजे कोकण आणि घाट दोन्ही. गावोगावची मंडळं वर्गणी काढायची, रात्री पाळी सुटल्यावर चाळीच्या गच्चीत तालीम करायची, आणि प्रयोग दामोदरला. मालवणी मुलखातला दशावतार, रत्नागिरीकडचं नमन, शक्ती-तुरा. ज्या लोककला गावात देवळापुढे व्हायच्या त्या इथे तिकीट लावून, पडदा उघडून झाल्या. गावची शाळा, गावचं देऊळ, गावचा रस्ता यांना पैसा उभा राहिला तो अशा प्रयोगांतून. परळमधल्या हॉलमुळे कोकणात शाळेवर कौलं चढली, हे मुलांना कळायला हवं.

१३ एप्रिल

कामगार कल्याण केंद्रांवर अर्धा फलक. मुंबई सरकारने १९३९ मध्ये अशी केंद्रं सुरू केली. पुढे १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी झाला. निधी कुठून? कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि त्यांना न दिलं गेलेलं वेतन हेही त्यात जमा होऊ लागलं. म्हणजे कुणाचा तरी खाडा, कुणाचा तरी न नेलेला पगार, त्यातून कॅरमबोर्ड, व्यायामशाळा, शिशुमंदिर आणि शिवणवर्ग. हा शिवणवर्ग दुपारी दोन ते चार भरायचा, डबे गेल्यावर आणि नळाला पाणी यायच्या आत. बायकांसाठी वेळ कुणीतरी पहिल्यांदा घड्याळात बसवला तो असा. आईने तिथेच मशीन शिकून घेतली.

आणि १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. या फलकावरची पट्टी कशी रंगवायची यावर मुलं अडली. काळ्या चौकटी एकही नाही. मग सगळ्या पिवळ्या करायच्या? मी ‘नाही’ म्हटलं. वडील त्या वर्षी दिवसभर वाचनालयात बसत. पेपर उलटा धरलेला मी पाहिलाय. तो वेळ मोकळा नव्हता.

पट्टी कोरी ठेवली आहे. फक्त चौकटींच्या कडा.

त्या दिवसांत घर चाललं ते आईच्या मशीनवर. परकर, पिशव्या, उशांचे अभ्रे. दुपारचे दोन तास शिकलेलं काम दिवसाचे बारा तास करत होती. तिची पट्टी वेगळी काढून त्याखाली लावली. सकाळच्या सहापासून रात्री अकरापर्यंत काळी. अभ्यासिकेतल्या मुलीने रंगवून झाल्यावर विचारलं, ‘हे १९११ सारखंच झालं ना?’

झालं तसंच.

२७ एप्रिल

छपाई आली आणि पोटात गोळा उठला. छापखान्यात फाइल उघडताना फॉन्ट बदलला, सगळी जोडाक्षरं तुटली. ‘ट्रस्ट’चे तुकडे, ‘बहिष्कृत’मधला ऋकार गायब. बाबासाहेबांच्या सभेचं नाव चुकीचं लावणं मला अशक्य होतं. तीन फलक परत छापायला दिले. अण्णांनी खिशातून पैसे भरले आणि विषय वाढवला नाही. पुढच्या वेळी मजकूर पीडीएफमध्येच द्यायचा, आणि छापण्याआधी एकाने मोठ्याने वाचायचा.

१ मे

सकाळी नऊला उघडलं. गल्लीत, मंडपाखाली, चाळीच्या भिंतीला लावून. अपेक्षेपेक्षा गर्दी झाली. म्हातारी माणसं पट्ट्यांपुढे जास्त वेळ थांबत होती. बोट ठेवून चौकटी मोजत होती. नववीतला तो मुलगा चौथ्या फलकाशी उभा राहून आलेल्यांना वॉशिंग्टन समजावत होता, मी न सांगता.

रजिस्टरचं एक पान मोठं करून लावलं होतं. नावं झाकली होती, ‘हस्ते’चा रकाना तेवढा उघडा. दुपारी साठीपुढचे एक गृहस्थ त्यापुढे बराच वेळ होते. मग माझ्याकडे आले. म्हणाले, ‘ताई, आमची आई पुस्तकं न्यायची वडिलांसाठी. तिला वाचता येत नव्हतं. वडील सांगायचे, मागच्या वेळी आणलंस तसलंच आण. मग ती ग्रंथपालाला पुस्तक दाखवून म्हणायची, ह्याचा भाऊ द्या.’

मी विचारलं, ‘आहेत का त्या?’

आहेत. ब्याण्णव वर्षांच्या. नातवाकडे डोंबिवलीला असतात, कानाला कमी ऐकू येतं पण बोलतात भरपूर.

४ मेला, रविवारी, अकराला जायचं ठरलं. अभ्यासिकेतली मुलगी आणि मी. रेकॉर्डिंगसाठी मोबाइल रिकामा करून न्यायचा. मूळ रजिस्टरही न्यायचं, प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे त्यांना हात लावून बघता येईल.